रिफंड: सरकारकडचं आपलं येणं

"बेटा, माझे पैसे आले का बघ बरं."

गेल्या ऑगस्टपासून या जानेवारीपर्यंत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, मोजदाद नाही. असरची नमाज झाली की मामू मशिदीच्या ओट्यावर टेकायचे आणि मला हाक मारायचे. मी खिशातून मोबाइल काढायचा, इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडायचं आणि रोज तेच उत्तर द्यायचं, "प्रोसेसिंग चालू आहे, मामू."

"म्हणजे कुठपर्यंत आले?" जणू पैसे बंगळुरूहून एसटीने निघालेत आणि वाशिमला गाडी बदलायची तेवढी बाकी आहे!

आमचं रिठद हे रिसोड तालुक्यातलं सोयाबीन-तुरीचं गाव. मामू गवंडीकामाची लहानसहान कंत्राटं घेतात. कुठे नाली, कुठे शाळेची भिंत, कुठे पाण्याच्या टाकीचा ओटा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात त्यांच्या बिलांची बेरीज ९ लाख २० हजार झाली आणि त्यातून १ टक्का टीडीएस कापला गेला, म्हणजे ९,२०० रुपये. सिमेंट, रेती, गिट्टी आणि मजुरी वजा जाता मामूंच्या हातात जे राहिलं ते करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली होतं. कर शून्य, म्हणजे ते ९,२०० रुपये पूर्ण त्यांचे.

या पैशांवर त्यांनी दोन वायदे केले होते. रिसोडच्या सिमेंटच्या दुकानाची उधारी दिवाळीपर्यंत चुकती करायची आणि भिंतीच्या कामावरच्या एका मजुराचे राहिलेले तीन हजार द्यायचे. दिवाळी आली आणि गेली. दुकानदार चांगला माणूस, तो थांबला. मजूर रोज समोरून जायचा, काही बोलायचा नाही. मामूंना त्याचं ते न बोलणंच जास्त लागायचं. सरकारकडे अडकलेल्या ९,२०० रुपयांचा भार शेवटी कोणावर पडला? सगळ्यात खालच्या माणसावर. रिफंडच्या उशिराबद्दल लिहिताना मला आधी तो मजूर आठवतो, म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्याकडे रिफंडकडे बघण्याची एक चुकीची सवय आहे. रिफंड आला की लोक म्हणतात, "सरकारने पैसे दिले." जणू एखाद्या योजनेचा हप्ताच जमा झाला. नाही आला तर म्हणतात, "नशिबात नव्हते." दोन्ही चूक. रिफंड ही मेहेरबानी नाही. आपण जास्तीचे भरलेले किंवा आपल्याकडून जास्तीचे कापून घेतलेले पैसे परत करणं म्हणजे देणेकऱ्याने देणं फेडणं. हे केवळ माझं मत नाही. टाटा केमिकल्सच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने असंच सांगितलं, की करदात्याला परत मिळायची रक्कम हे सरकारवरचं ऋण आहे. पुण्याच्या सँडविक एशिया या कंपनीचा खटला त्याच्याही आधीचा. कंपनीच्या रिफंडवरचं व्याज द्यायला खात्याने १२ ते १७ वर्षं लावली होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विलंबाची भरपाई द्यायला लावली. कंपनीकडे वकील होते, ती दिल्लीपर्यंत गेली. मामूंकडे मी आहे आणि माझा मोबाइल.

येणं कुणाकडे अडलंय हे कळण्यासाठी ते कोणत्या वाटेने येतं हे माहीत पाहिजे. ते समजून घेतल्यावर माझा निम्मा राग गेला आणि उरलेला निम्मा नेमका कुठे ठेवायचा तेही कळलं.

पहिला टप्पा आपल्याच हातातला आहे. रिटर्न भरून काम संपत नाही. ३० दिवसांच्या आत तो व्हेरिफाय करावा लागतो, आधारच्या ओटीपीने, बँक खात्यातून किंवा सही केलेला कागद बंगळुरूला पोस्टाने पाठवून. व्हेरिफाय न झालेला रिटर्न बंगळुरूचं केंद्र हातातच घेत नाही. मामूंचा रिटर्न एका ऑनलाइन सेंटरवर २० ऑगस्टला भरला गेला. पावती मिळाली, पैसे दिले, मामू निश्चिंत. १ सप्टेंबरला मी पाहिलं तर व्हेरिफिकेशन झालेलंच नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तीन वर्षांपूर्वीच बंद पडलेला. रिसोडला जाऊन नंबर बदलून १५ सप्टेंबरला ते काम झालं. तोपर्यंतचे सगळे दिवस मामू सरकारची वाट बघत होते आणि सरकार मामूंची.

दुसरा टप्पा टीडीएसच्या नोंदीचा. ज्याने पैसे कापले त्याने ते भरून आपल्या पॅनवर नोंदवले, तरच ते फॉर्म २६एएसमध्ये दिसतात. बिलावर कपात दिसते, २६एएसमध्ये दिसत नाही, असं असेल तर आधी कापणाऱ्याकडे जायचं, बंगळुरूकडे नाही. जानेवारी ते मार्चच्या कपातीचं विवरणपत्र भरायची मुदत ३१ मे असते. म्हणून एप्रिलमध्येच रिटर्न भरायची घाई करणारा माणूस अनेकदा स्वतःच घोळ ओढवून घेतो.

तिसरा टप्पा प्रोसेसिंगचा. देशभरातले रिटर्न बंगळुरूच्या केंद्रात संगणकावर तपासले जातात. आपण लिहिलेला हिशोब आणि त्यांच्याकडची माहिती जुळली की कलम १४३(१) खाली इंटिमेशन निघतं आणि रिफंड स्टेट बँकेमार्फत खात्यात पाठवला जातो. जुनी थकबाकी दिसत असेल तर कलम २४५ खाली नोटीस देऊन ती रिफंडातून वळती करतात. त्या नोटिशीला २१ दिवसांत उत्तर दिलं नाही की वळती होणारच, मग थकबाकी खरी असो वा चुकीची.

चौथा टप्पा बँकेचा, आणि आपल्या समाजातले कितीतरी लोक इथेच अडखळतात. मामूंचा रिटर्न १८ नोव्हेंबरला प्रोसेस झाला. आम्ही खूश. आठवड्याने पाहिलं तर 'रिफंड फेल्ड'. कारण, खात्यावरचं नाव पॅनशी जुळत नाही. पॅनवर नाव 'शे.' असं आखूड, बँकेत 'शेख' पूर्ण आणि तेही शेवटी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये. आपल्या घरोघरी हीच गत आहे. मोहम्मदचं 'मो.' होतं, कुठे 'एमडी' होतं, शेखचं 'एसके' होतं, बायकांच्या नावात बी, बेगम, खातून कधी असतं, कधी गळतं. शाळेत मास्तरांनी ऐकलं तसं लिहिलं, पुढे प्रत्येक कचेरीने आपापल्या परीने. मी स्वतः मास्तर आहे, म्हणून हा दोष कबूल करतो. संगणकाला 'शे.' आणि 'शेख' ही दोन वेगळी माणसं वाटतात. पॅन आणि आधार जोडलं गेलं नाही तर १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय धरलं जातं आणि ते पुन्हा सक्रिय होईपर्यंत रिफंड मिळत नाही, त्या काळाचं व्याजही नाही. बँका एकमेकींत विलीन झाल्या की आयएफएससी बदलू शकतो. आपल्याकडच्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं १ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्रीकरण झालं. अशा वेळी पोर्टलवर खातं पुन्हा तपासून घेणं शहाणपणाचं.

नाव दुरुस्त झालं, खातं पोर्टलवर व्हॅलिडेट झालं, डिसेंबरच्या मध्याला 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकली. गेल्या आठवड्यात पैसे आले. मामूंनी मेसेज तीनदा वाचायला लावला.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की सगळा दोष तर आपलाच दिसतो. आपल्या वाटणीचा दोष मी मांडला, आता दुसऱ्या बाजूचा.

आधी श्रेय देतो. २०१९ च्या मार्चपासून रिफंडचे चेक बंद होऊन पैसे थेट खात्यात येऊ लागले. खात्यानेच दिलेल्या आकड्यांनुसार, २०१९-२० या कर निर्धारण वर्षात रिटर्न व्हेरिफाय झाल्यापासून प्रोसेसिंगला सरासरी ८२ दिवस लागत, २०२३-२४ मध्ये ते १० दिवसांवर आले. ही लहान गोष्ट नाही. माझा पगाराचा रिटर्न दोन वर्षांपूर्वी आठवड्याभरात प्रोसेस झाला होता.

मग २०२५ च्या हंगामात काय झालं? रिटर्न भरायची मुदतच ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि अगदी शेवटी १६ सप्टेंबर झाली. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे अध्यक्ष रवी अग्रवाल यांनी सांगितलं की लहान रकमांचे रिफंड सोडले जात आहेत, पण काही दावे मोठे किंवा संशयास्पद असल्याने तपासले जात आहेत, आणि उरलेले रिफंड त्या महिन्यात किंवा डिसेंबरपर्यंत निघतील. डिसेंबरमध्ये अनेकांना मेसेज आले की तुमचा रिफंड जोखीम तपासणीत थांबवला आहे, ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरायची संधी आहे.

असा एक मेसेज आमच्याही घरात आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला. त्याने एका एजंटकडून रिटर्न भरून घेतला होता. एजंटने एका राजकीय पक्षाला दिलेली देणगी दाखवली, जी त्याने कधी दिली नव्हती. घरभाडं दाखवलं, जे तो भरत नव्हता. ६१ हजारांचा रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे, असा सौदा. भाचा म्हणाला, "मामू, ऑफिसात सगळेच करतात." मी त्याला एवढंच विचारलं, "आलेल्या पैशातून तू आईला रमजानचे कपडे घेणार होतास ना? ते कुणाचे पैसे असते?" तो गप्प बसला. २९ डिसेंबरला त्याने सुधारित रिटर्न भरला, खोटे दावे मागे घेतले.

हा धंदा किती पसरलाय याचा अंदाज खात्याच्याच निवेदनातून येतो. १४ जुलै २०२५ रोजी देशभरात दीडशे ठिकाणी झडती झाली, त्यात महाराष्ट्राचाही उल्लेख होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. असे एजंट रिटर्नसाठी तात्पुरते ई-मेल काढतात आणि नंतर टाकून देतात, हेही त्यात होतं. म्हणजे नोटीस आली तरी ज्याचा रिटर्न आहे त्याला पत्ताच नाही. कमिशन घेऊन एजंट बाजूला, दंड आणि व्याज आपल्या माथी. आणि अशा दाव्यांमुळे चाळणी बारीक झाली की तिच्यात खरे दावेही अडकतात. रिफंड माझा हक्क आहे असं म्हणायचं असेल तर जो हक्काचा नाही तो मागायचा नाही, ही पहिली अट.

पण खोट्यांना पकडताना खऱ्यांना कारण सांगायला काय हरकत आहे? माझी तक्रार इथे आहे. ज्याचा दावा तपासला जातोय आणि ज्याचा फक्त रांगेत आहे, दोघांना महिनोन्‌महिने पोर्टलवर एकच शब्द दिसतो, 'प्रोसेसिंग'. त्या शब्दात ना कारण आहे, ना तारीख. कायद्याने तारीख आहे, पण ती ऐकून मामूंनी कपाळाला हात लावला. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरला ते संपल्यापासून ९ महिने. म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नचं इंटिमेशन ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत कधीही आलं तरी ते वेळेतच! आपल्याला व्हेरिफाय करायला ३० दिवस, नोटिशीला उत्तर द्यायला २१ दिवस, आणि त्यांना सव्वा वर्षाहून अधिक.

व्याजाचंही तसंच. आपण कर भरायला उशीर केला तर महिन्याला १ टक्का. सरकारने परत द्यायला उशीर केला तर महिन्याला अर्धा टक्का. एकाच देवघेवीत दोन मापं. आपल्या किराणा दुकानदाराने घेण्याचं माप वेगळं आणि देण्याचं वेगळं ठेवलं तर त्याला आपण काय म्हणू?

व्याजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मामूंच्या ९,२०० वर एप्रिल ते नोव्हेंबर अशा ८ महिन्यांचे ३६८ रुपये व्याज लागलं. त्यांनी लगेच विचारलं, "हे घेऊ का?" ते काय करावं हे आलिमांना विचारा, मी मुफ्ती नाही. पुष्कळ लोक असे पैसे सवाबची अपेक्षा न ठेवता गरजवंताला देऊन टाकतात. मी एवढंच सांगितलं की पुढच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न म्हणून दाखवावं लागेल, दान केलं तरी. पण आपल्या दीनने देवघेवीबद्दल व्याजाच्या मनाईपलीकडेही बरंच सांगितलंय, ते आपण विसरतो. कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजची नाही, रोज्याची नाही. ती सूरह बकरामधली २८२ वी, आणि तिचा विषय आहे कर्जाची लिखापढी. ठरावीक मुदतीचं देणं लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नये. त्याच्याच थोडं आधी अडचणीतल्या देणेकऱ्याला सवलत द्यायला सांगितलंय. सवलत अडचणीत असलेल्याला. ऐपत असूनही देणं लांबवणाऱ्याला आपल्याकडे जालीम म्हटलंय. भारत सरकार अडचणीत आहे आणि मामूंच्या ९,२०० साठी मुदत मागतंय, असं कुणीच म्हणणार नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू. त्याच्या पहिल्या मसुद्यात अशी तरतूद होती की मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याला रिफंड मागता येणार नाही. लोकसभेच्या निवड समितीने ती काढायला सांगितली आणि सुधारित विधेयकातून ती गेली. चांगलं झालं. पण ती मसुद्यात आलीच कशी? कारण रिफंड म्हणजे द्यायची वस्तू, घ्यायचा हक्क नव्हे, ही समजूत वरपर्यंत आहे. ती बदलायची तर तीन गोष्टी पुरेत. रिफंड थांबवला की कारण करदात्याच्या भाषेत कळवा. लहान रकमेच्या रिफंडला काही महिन्यांची नव्हे, काही आठवड्यांची मुदत घाला. आणि उशिराचं माप दोन्हीकडे सारखं ठेवा.

तोवर आपण आपली बाजू स्वच्छ ठेवू. रिटर्न कुणीही भरून देवो, मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या, पासवर्ड स्वतःकडे ठेवा. पॅन, आधार, बँक तिन्हीकडे नाव एकसारखं करून घ्या, हे काम पावसाळ्याआधी उरका. २६एएस बघितल्याशिवाय रिटर्न भरू नका. 'रिफंड मंजूर, लिंक दाबा' असा मेसेज आला तर दाबू नका. आणि टक्केवारीवर रिफंड काढून देणाऱ्याला दारातूनच सलाम करा.

पैसे आले त्या दिवशी मामू माझ्यासोबत बँकेत आले. तीन हजार काढले, मोजले, पुन्हा मोजले आणि मगरिबच्या आधी त्या मजुराच्या घरी गेले. तो म्हणाला, "एवढी काय घाई होती, मिस्त्री?" मामू म्हणाले, "घाई कसली रे, पाच महिने उशीर झालाय." मग त्यांनी उशीर का झाला ते त्याला सांगितलं, सगळं, आधारच्या नंबरापासून 'शे.'पर्यंत. मजुराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे तवाच सांगायचं ना."